देवाच्या घोड्याचा चावा

वाळूनाथ महाराज मोहरटेकला नदीच्या वाळवंटात येऊन राहिले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही हकिकत. महाराजांना मठ नव्हता की गादी नव्हती. करंजाच्या झाडाखाली एक पोते अंथरलेले, अंगाला लंगोटी, उशाला नदीतला गोटा. कोणी भाकरी आणली तर अर्धी खात, अर्धी मुंग्यांना घालत. कोणी काही विचारले तर त्याच्याकडे न बघता वाळूवर बोटाने रेघा ओढीत बसत, आणि उत्तर असे देत की ते विचारणाऱ्याला घरी पोहोचल्यावर कळे.

मोहरटेककरांना त्यांचे फारसे कौतुक नव्हते. गावात खंडोबाचे जागृत देवस्थान होते. चांदीचे मुखवटे होते, पालखी होती, आणि देवाचा म्हणून एक जिवंत घोडा होता. एवढे सगळे दाराशी असताना वाळूत बसलेल्या उघड्या माणसाकडे कोण जातो?

घोड्याचे नाव चांदण्या. अंगाने तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. देवदर्शनाला येणारा प्रत्येक जण देवळाच्या दारात त्याला तळहातावरून गूळ चारी. घोड्याने गूळ नुसत्या ओठांनी उचलला तर माणूस निर्मळ. दात लागला तर त्याच्या पोटात पाप. याला ते घोड्याचा कौल म्हणत. आता वर्षानुवर्षे दिवसभर हातांतूनच गूळ मिळत गेला, की कुठल्याही घोड्याला हात म्हणजेच गूळ वाटू लागतो. गूळ संपला तरी हाताला वास राहतो, आणि तो वास घोडा दातांनी शोधतो. मग तोंडावर फटका बसे. फटका ठरलेलाच म्हटल्यावर चांदण्याही शहाणा झाला. आधी चावायचे आणि मान झटक्यात मागे घ्यायची. हे सगळे गावाने त्याला शिकवले, आणि शिकवून झाल्यावर नाव देवाचे लावले.

मौज अशी, की मोहरटेकात चावा न बसलेला माणूस मिळणे कठीण होते आणि चावा बसला असे कबूल करणारा एकही नव्हता. ज्याला बसे तो हात उपरण्यात गुंडाळून हसत हसत घरी जाई. भर वैशाखात मनगटापर्यंत बाह्या असलेले सदरे घालणारी माणसे त्या गावात होती. विचारले तर म्हणत, डास फार झालेत. एकाने अंगठा अडकित्त्यात सापडल्याचे सांगितले. तो सुपारी खात नव्हता. मात्र चावा एखाद्या गरिबाला चारचौघांत बसला, की हीच बाह्यांवाली मंडळी सगळ्यांत पुढे होऊन 'कौल, कौल' म्हणून ओरडत.

चांदण्याची निगा येसू मोतद्दाराकडे होती. श्रावणात तो कडब्याच्या गंजीवरून पडला आणि पाय मोडून घरात बसला. तेव्हापासून त्याची बायको कोंडाबाई घोड्याचे सगळे करू लागली. खरारा, दाणा, पाणी, शेण काढणे, सगळे.

"देवाच्या घोड्याला आता चुलीपुढचा हात लागला," देवळाच्या ओट्यावरून कोणी म्हणे.

"चुलीपुढं हात भाजतोय, घोड्यापुढं चावा बसतोय," ती खरारा न थांबवता म्हणे. "तुम्हांस्नी दोन्ही ठिकाणी जमत न्हाई, म्हून मला यावं लागलं."

पण चांदण्या तिला कधी चावला नव्हता. त्यात चमत्कार काही नाही. ती त्याला हातावरून कणभरही चारीत नसे. दाणा तोबऱ्यात, गूळ घमेल्यात. जवळ जायचे तर आधी आवाज देई, मग मानेवर हात ठेवी आणि मगच पुढचे काम. तोंडावर तिने कधी मारले नाही. घोड्याचे कान कुठे आहेत हे बघून ती बोलायची, तसे गावात माणसांशीही कोणी बोलत नसे. रोज सकाळी घोड्याचे आवरले, की महाराजांना भाकरी पोहोचवायची हाही तिचा नेम होता. मागणे काही नसे. भाकरी ठेवायची, पाया पडायचे, उठायचे.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीचा उत्सव आला. मोहरटेकची रीत अशी, की चतुर्थीला घोड्यावर देवाचे खोगीर चढवायचे आणि षष्ठीची पालखी फिरून आल्यावरच उतरवायचे. मधले तीन दिवस त्यावर देव बसलेला असतो, म्हणून खोगिराला कोणी हात लावायचा नाही. ते चढवून पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळण्याचा मान हैबतराव मानकऱ्यांच्या घराण्याचा. मान मोठा आणि घोड्याची माहिती शून्य.

चतुर्थीला कोंडाबाईने पाठीवर नमदा, म्हणजे खोगिराखालची लोकरीची घडी, अंथरला. हैबतरावांनी टाचण्यांनी चांदीच्या कोयऱ्या लावलेले जड खोगीर दोघांकडून उचलवून धाडकन वर टाकले.

"सरकार, एक डाव खोगीर उचला. नमदा झाडून, सारखा करून घेते," ती म्हणाली.

"पाच पिढ्या हे खोगीर आम्ही चढवतोय. आता तू आम्हाला नमदा शिकवणार?"

लोक हसले. लोक हसले म्हणून हैबतरावांना जोर आला. त्यांनी घोड्याच्या पोटाला गुडघा लावून तंग असा आवळला, की चांदण्याच्या तोंडून हुंकार निघाला. त्याचे कान मागे पडले. त्याने वळून आपल्या डाव्या कुशीकडे पाहिले आणि हवेतच दात आपटले. हैबतरावांनी त्याच्या नाकपुडीवर थप्पड दिली.

"देव संचारला," म्हाळू गुरव भंडारा उधळीत म्हणाला. जमलेल्या सगळ्यांनी येळकोट केला. एका बाईला सोडून कोणाला दुसरे काही दिसले नाही.

त्या दिवशी चांदण्याने दाण्याला तोंड लावले नाही. पाठीवर ओझे घेऊन तो उभाच राहिला, आणि कोंडाबाईही त्याच्याजवळ उभी राहिली. पंचमीला सकाळी तिला राहवेना. कोणी नाही असे बघून तिने तंगाकडे हात नेला, तोच चांदण्याने मान फिरवून तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला. पहिल्यांदाच. नेमके तेव्हाच म्हाळू गुरव पाण्याची घागर घेऊन दारात उभा होता. घागर खाली ठेवायच्या आधी त्याचे डोळे खोगिरावरून फिरले, आणि डाव्या अंगाची एक कोयरी जागेवर नाही हेही त्याने पाहिले.

तासाभरात सगळे गाव देवळापुढे होते.

"कोयरी कुठाय, कोंडे?" हैबतरावांनी पायरीवर उभे राहून विचारले.

"मला ठावं न्हाई, सरकार."

"कालपासून घोड्यापाशी कोण होतं?"

"मीच व्हते. त्याला खाली बसता यीना, म्हून मी बी बसले न्हाई. सरकार, त्याला डाव्या अंगाला कायतरी टोचतंय. नुस्तं दोन भोकं तंग सैल करू द्या. कान बघा त्याचं. कुशीकडं वळून वळून बघतोय, कुनाला तरी दाखवावं तसं."

"खोगिरावर देव बसलाय. त्याला उठवून तू खाली हात घालणार? आणि हात कसला, तर ज्याला घोड्याने कौल दिला तो!"

"येसू व्हता तवर कधी असं झालं न्हाई," एका लांब बाहीचा आवाज आला.

"सरकार, गूळ मागनारा चावा येगळा आन दुखतंय म्हननारा चावा येगळा. गूळ मागताना कान पुढं असत्यात," कोंडाबाई म्हणाली. तिचा दंड सुजला होता आणि आवाज चढला होता. "इथं निम्म्या गावाला तो चावलाय. तुम्ही सगळ्यांनी हात लपवलं, म्हून त्याला काय दुखतंय ते कुनी बघितलं न्हाई."

खरे बोलणे फार झाले, की गावाला राग येतो. हैबतरावांनी तिथल्या तिथे निकाल दिला. उद्या षष्ठीला पालखी निघायच्या आधी कोंडाबाईने सगळ्यांसमक्ष चांदण्यापुढे हात धरावा. चावला तर ती चोर. मग तिने आणि येसूने दिवस मावळायच्या आत गाव सोडावे, आणि असे चावरे घोडे देवाला नको म्हणून नालबंदाकडून चांदण्याचे पुढचे दात पाडून घ्यावेत. चोरी झाली असेल तर बाईने केली. दात मात्र घोड्याचे पाडायचे. हा न्याय ऐकून एकाही माणसाला उठून जावेसे वाटले नाही.

दिवस कलताना कोंडाबाई वाळवंटात गेली. दोन दिवस भाकरी चुकली होती, ती पदरात घेऊन. महाराज उजव्या कुशीवर पडून होते. असे ते कधी पडत नसत.

"कोंडे," डोळे न उघडता महाराज म्हणाले, "तुमच्या गावात तंग कुणी आवळला गं?"

ती जवळ गेली. महाराजांच्या डाव्या बरगडीवर ज्वारीच्या दाण्याएवढे भोक पडले होते आणि भोवती तळहाताएवढी सूज होती. विंचू चावला असावा असे वाटून ती म्हणाली, "हळद आनते, महाराज."

"हळद लावायची जागा ही न्हाई."

तिने मग सगळे सांगितले. सांगता सांगता तिचा बांध फुटला. "उद्या तो मला चावनारच, महाराज. दुखत असलं म्हंजे त्यो मानूस बघत न्हाई. आन गाव म्हनंल, चोर."

"गाव काय म्हणंल ते मला नको सांगू. घोडा काय म्हणतोय ते सांग."

तिने डोळे पुसले. "त्यो म्हनतोय, दुखतंय."

"गावात त्याची बोली कळणारी तू एकटी. तू पळालीस तर त्यानं कुणाला सांगायचं?"

"तुमी याल का?"

महाराजांनी वाळूवर एक रेघ ओढली आणि पुन्हा डोळे मिटले. एवढ्यावर ती परतली. बाकीच्यांना महाराजांचे उत्तर घरी पोहोचल्यावर कळे. तिला घरी पोहोचूनही कळले नाही. येसू म्हणाला, माझ्या बहिणीच्या गावी निघून जाऊ. ती म्हणाली, "आज निघालो तर चोर म्हून निघालो. आन चांदण्याला कुनावर टाकू?"

षष्ठीचा दिवस उजाडला. देवळापुढे भंडाऱ्याने जमीन पिवळी झाली होती. पालखी सजून तयार, वाघ्या-मुरळी गात होते, आणि मधोमध चांदण्या खाली मान घालून उभा होता. दोन दिवसांच्या उपासाने त्याचे पोट आत गेले होते, त्यामुळे खोगीर थोडे कलले होते. हैबतरावांनी ते पाहिले. घोडा वाळला हे त्यांना दिसले नाही, खोगीर कलले एवढे दिसले.

"पुढं हो, कोंडे. हात धर."

तिने दुखरा हात पुढे केला. तळवा उघडा, बोटे जुळवलेली, हातात काही नाही. चांदण्याने तिचा हात हुंगला. त्याचे कान जरासे पुढे आले आणि ओठ तिच्या तळव्याला लागले, पण चावा काही घेतला नाही. गर्दीत कुजबुज झाली.

हे हैबतरावांना कसे चालावे? "थांबा. देवाचं आसन कललंय," असे म्हणून ते डाव्या बाजूला गेले, गुडघा लावला आणि तंग आणखी एक भोक आवळला.

चांदण्या थरथरला. त्याने आधी हैबतरावांकडे तोंड फिरवले. ते चपळाईने मागे सरकले. घोड्याचे दात मग समोर जो हात होता त्याच्यावर बसले. कोंडाबाईने हात ओढून घेतला नाही. मनगटावरून रक्त ठिबकू लागले, तरी दुसरा हात तिने त्याच्या मानेवर ठेवला आणि नुसते म्हणाली, "कळतंय रं, कळतंय."

"कौल मिळाला! चोर!" पुष्कळ बाह्या एकदम वर झाल्या.

तेवढ्यात गर्दीच्या मागून एक कण्हणे ऐकू आले. लोक वळले. वाळूनाथ महाराज कधी नव्हे ते गावात आले होते. दोन्ही हातांनी डावी कूस दाबून धरलेली, पावले अडखळत होती.

"सैल करा हैबतराव," महाराज म्हणाले. "फार आवळलंत."

"बुवा, मी घोड्याचा तंग आवळला. तुमच्या पोटात का दुखावं?" हैबतराव हसले. मागचे चार हसले. वाळूतल्या माणसाने भर उत्सवात आपल्याला शिकवावे याचा त्यांना मनस्वी राग आला. "हे बघा, पुन्हा आवळतो. बघू तुम्हाला काय होतं ते."

आणि त्यांनी खरोखरच तंगाला हिसका दिला.

महाराज जागच्या जागी वाकले. त्यांच्या बोटांच्या फटींतून रक्त आले आणि उघड्या मांडीवरून ओघळून भंडाऱ्यात पडले. पिवळ्यावर लाल. कोणी शस्त्र मारले नव्हते, कोणी जवळही नव्हते. गाणे थांबले. म्हाळू गुरवाच्या हातातले ताट वाजत खाली गेले. हैबतरावांच्या हातात अजून तंगाचे टोक होते. ते सोडावे की धरावे हे त्यांना समजेना.

कोंडाबाईला समजले. आदल्या दिवशी वाळूवर ओढलेली रेघ तिला आत्ता कळली. महाराजांचे दुखणे आणि चांदण्याचे दुखणे एकच होते. ती सरळ तंगाकडे निघाली.

"खबरदार, देवाच्या खोगिराला—" हैबतराव म्हणाले, पण त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नसता.

"सोड गं," महाराज म्हणाले.

तिने चांदण्याला हाक दिली, मानेवर हात ठेवला, कान बघितले आणि मग बकलाला हात घातला. चांदण्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. दात उघडले नाहीत. तंग सुटला, तिने खोगीर पलीकडे घसरवून खाली सोडले. तिने चिकटलेला नमदा हळूहळू, खाली पाणी सोडत सोडत उचलला. खाली डाव्या बरगडीवर जखम होती, आणि जखमेत टाचणीसकट रुतून बसलेली चांदीची कोयरी होती. चतुर्थीला खोगीर आदळताना ती तुटून नमद्याखाली गेली होती, आणि पाच पिढ्यांच्या मानाने तिला मांसात आवळले होते.

कोंडाबाईने कोयरी उपसली. त्याच क्षणी महाराजांनी मोठा श्वास सोडला आणि कुशीवरचा हात काढला. कातडी कोरी होती, ना भोक, ना सूज. तळव्यावरचे रक्त तेवढे साक्षीला होते. असे साधू, की ज्यांना मुक्या जिवाचे दुखणे आपल्या अंगावर उमटते! आणि असे आपण, की ते डोळ्यांसमोर उभे असून दिसत नाही.

महाराज क्वचितच रागावत. त्या दिवशी रागावले.

"देव बसलाय म्हणालात. तीन दिवस खाली टाचणी रुतत होती. वर बसलेल्या देवाला ती कळली नसेल असं वाटतं तुम्हाला? या मुक्या जिवाला तोंड एकच. त्याच तोंडानं तो खातो आणि त्याच तोंडानं सांगतो. हातावरून गूळ घालून त्याला चावायला तुम्ही लावलंत. चावला की तोंडावर मारलंत. दुखतंय म्हणून ओरडला तर त्याचा कौल केलात आणि एका बाईच्या गळ्यात घातलात. हैबतराव, बाही वर करा."

हैबतराव उभेच.

"करा म्हणतो."

हैबतरावांनी उजवी बाही कोपरापर्यंत नेली. मनगटाच्या वर जुन्या दातांची अर्धी कड होती, पांढरी पडलेली. तिच्या खाली आणखी एक, त्याहून नवी.

"हा कौल कधीचा?"

महाराजांनी गर्दीकडे पाहिले. मग एक बाही वर झाली. मग दुसरी. म्हाळू गुरवाने अंगठा दाखवला. अडकित्तावाल्यानेही दाखवला. थोड्या वेळाने तर वर न केलेली बाही शोधावी लागली, आणि ती एका पाच वर्षांच्या पोराची निघाली.

"गावभर पापीच दिसतात," महाराज म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या मिशीत हसू आले.

हैबतराव पुढे आले. पागोटे काढून ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले, तर महाराजांनी पाय मागे घेतले. "माझं काय बिघडवलंत? ज्याचं बिघडवलंत तिकडं जा. आणि आधी हाक द्या, मानेवर हात ठेवा, कान बघा."

पाच पिढ्यांचे मानकरी त्या भंडाऱ्यातून चालत गेले. त्यांनी चांदण्याला हाक दिली. मानेवर हात ठेवला. मग मनगट पदराने बांधून बसलेल्या कोंडाबाईपुढे गुडघे टेकले.

"बाई, चोर मी ठरलो," ते म्हणाले.

"कोयरी मिळाली, सरकार. आता चोर कशाला पायजे?" ती म्हणाली. "त्याला पानी आना."

आणि हैबतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा घोड्याला पाणी आणले.

त्या षष्ठीला चांदण्या पालखीपुढे बिनखोगिराचा चालला. जखमेवर हळद, लगामाला कोंडाबाईचा हात, आणि खाली पडलेल्या तंगाकडे कोणी वळूनही बघितले नाही. देव हलका असतो, तो उघड्या पाठीवरही बसतो, असे महाराज म्हणाले ते लोकांना पटले. तेव्हापासून मोहरटेकला घोड्याचा गूळ परातीत ठेवतात, खोगीर रोज संध्याकाळी उतरते, आणि ते चढवायच्या आधी मानकऱ्याने नमद्याखाली आपला हात फिरवायचा असतो. मान अजून त्याच घराण्याकडे आहे, फक्त आता तो हातापासून सुरू होतो.

हैबतराव त्या दिवशी पाणी ठेवायला घोड्यापुढे वाकले, तेव्हा त्यांचे टक्कल चांदण्याच्या ओठांखाली आले होते. सगळे गाव बघत होते. चांदण्याने ते हुंगले, एक उष्ण फुंकर टाकली आणि पाण्याकडे तोंड वळवले. चावला नाही. यात हैबतरावांचा पश्चात्ताप किती आणि सुटलेला तंग किती, हे ज्याने त्याने आपापली बाही वर करून ठरवावे.